पडकई

"घंटा होईपर्यंत ज्या गटाची टोपली जास्त भरेल, त्या गटाचा व्यवस्थापक कॉलेजच्या भांडाराचा प्रमुख होईल," डोके सरांनी जाहीर केले आणि फळ्यावरच्या 'नियोजन, संघटन, नेतृत्व, नियंत्रण' या शब्दांखाली जाड रेघ ओढली.

वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाचा वर्ग होता. सर विद्यापीठातून नुकतेच घोडेगावला आले होते आणि धंदा हातांनी शिकवायचा, असे त्यांनी मनाशी ठरवले होते. काम तसे साधे होते. रद्दी कापायची, घडी घालायची, खळ लावायची आणि भांडारासाठी कागदी पिशव्या करायच्या. पुढच्या बाकांचा एक गट केला होता आणि मागच्या बाकांचा दुसरा. मागे बहुतेक डिंभ्याकडची मुले बसत, कारण त्यांची एसटी आली की पुढची जागा उरलेली नसे.

पुढच्या गटाची व्यवस्थापक जागृती होती. तिला हे प्रमुखपद हवे होते, पण का हवे हे तिने कुणाला सांगितले नव्हते. पेठेतल्या त्यांच्या किराणा दुकानात गादीवर वडील, इंदरचंद, बसत. त्यांच्यानंतर धाकटा अंकित बसणार, हे अंकित रांगत होता तेव्हाच ठरून गेले होते. तिने काही विचारले की वडील मायेने म्हणत, "तू शीक बेटा, दुकानाचं आम्ही बघतो." भांडाराच्या खुर्चीवर बसलेली आपली मुलगी त्यांनी एकदा येऊन पाहावी, एवढीच तिची इच्छा होती.

खळ ती सकाळी घरूनच शिजवून घेऊन आली होती. मागच्या गटाची खळ मात्र कॅन्टीनच्या स्टोव्हवरून आत्ता कुठे उतरली होती आणि तिच्यातून वाफा निघत होत्या. जागृतीला मनातून बरे वाटले.

तेवढ्यात मागच्या गटाची व्यवस्थापक रुपाली आपली सगळी माणसे घेऊन पुढे आली.

"सरक की जराशी," ती म्हणाली आणि जागृतीच्या शेजारी बसून तिने कागद हातात घेतला.

"अगं, तुमचं टेबल तिकडे आहे."

"आमची खळ गरम हाय अजून. तुमची तयार हाय, घट्ट झाली तर वाया जाईल. आदी तुमचं उरकू, मंग आमचं."

जागृतीच्या गटातला बोरीचा रामनाथ मोठ्याने हसला. "ओ बाई, शर्यत हाय ही! हरायला आलीस व्हय?"

"हरायला कशाला? आमाला बी जिंकायचंच हाय." रुपालीचा हात थांबला नाही.

सर पुढे झाले. थांबवावे तर तसा नियम त्यांनी सांगितलेला नव्हता. त्यांनी खडू खिशात टाकला आणि विचारले, "ही काय पद्धत, रुपाली?"

"पडकई, सर. भातलावणीला करत्यात आमच्याकडं. ज्याचं रोप तयार, त्याच्या खाचरात समदी. ते झालं की दुसऱ्याच्या. मजुरी न्हाई, काय न्हाई."

"आणि प्रमुख कोण असतो?"

"ज्याचं खाचर त्यो. त्याचं व्हईपातुर." ती जागृतीकडे वळली. "सांग, कापू का कडा दुमडू?"

असे आजवर जागृतीला कुणी विचारले नव्हते. "कडा दुमड," ती म्हणाली. "नीट. घाई करू नको." बोलल्यावर तिच्या लक्षात आले, वडील दुकानातल्या माणसांशी याच आवाजात बोलतात.

दोन्ही गटांचे हात लागल्यावर टोपली बघता बघता शिगोशीग भरली. काम रंगात आले होते. मागच्या बाकांवरची मुले काहीतरी गुणगुणत होती आणि त्या ठेक्यावर घड्या पडत होत्या. शेवटची पिशवी टाकताना जागृतीने हळूच विचारले, "रुपाली, ज्याचं खाचर झालं, तो दुसऱ्याकडे गेलाच नाही तर गं?"

रुपालीने मान वर केली. प्रश्न समजला नसावा, असा तिचा चेहरा झाला.

"का जायचा न्हाई?" तिने विचारले.

मग ती उठली. तिची माणसेही उठली आणि मागच्या टेबलाशी गेली. खळ आता निवली होती. त्यांची टोपली मोकळी होती. शिपाई घंटेच्या दिशेने निघालेला खिडकीतून दिसत होता.

"बस गपगुमान," रामनाथ पुटपुटला. "जिंकलो की आपण! उगं हलू नको."

जागृती भरलेल्या टोपलीवर हात ठेवून बसून राहिली. रुपालीने तिला हाक मारली नाही, मागे वळूनही पाहिले नाही. बाकावर बसताना मात्र ती थोडी आत सरकली आणि कडेला एका माणसापुरती जागा मोकळी राहिली.

"सर," जागृती उभी राहिली, "आत्ता प्रमुख कोण?"

डोके सरांनी फळ्याकडे पाहिले. मग मागच्या टेबलाकडे पाहिले. "आत्ता," ते सावकाश म्हणाले, "रुपाली."

जागृती चालत मागे गेली आणि त्या मोकळ्या जागेत बसली. तिच्या पाठोपाठ आणखी एकदोन बाक सरकल्याचा आवाज आला.

"सांग, काय करू?" तिने विचारले.

बाहेर घंटा वाजू लागली.

"कडा दुमड," रुपाली वर न बघता म्हणाली. "नीट. घाई करू नगंस."