बाईची साक्ष

"आता मला सांगा, ही गोष्ट कुणी खोटी रचली असती, तर कबर रिकामी होती हे सांगायला त्यानं बायका निवडल्या असत्या का?"

नामा गुरुजींनी खडू खाली ठेवला आणि पोरांकडे पाहिलं. रविवारची प्रार्थना आटोपून मोठी माणसं घरी गेली होती. पत्र्याच्या प्रार्थनाघरात आता गुरुजींचा वर्ग उरला होता, आणि दाराशी गुडघे जवळ घेऊन बसलेली एक बाई, लहानी.

"नाय," पुढे बसलेली कुणाली म्हणाली. "सरपंच ठेवला असता."

"सरपंचाचं कोण खरं मानतं गो," मागून कुणीतरी पुटपुटलं. पोरं हसली. गुरुजीही हसले.

"त्या काळी तिकडे बाईची साक्ष कोर्टात धरत नसत," ते सांगू लागले. "बाई म्हणजे घाबरट, बाई म्हणजे बडबडी. प्रभू मेला, पुरला गेला आणि तिसऱ्या दिवशी उठला, एवढी मोठी गोष्ट लोकांना पटवायची. आणि साक्षीदार कोण, तर अंधारात, पहाटे गेलेल्या बायका. खोटं बोलणारा असले साक्षीदार आणील का? मग त्या बायकांचंच नाव का राहिलं? कारण तसंच घडलं होतं. विश्वास ठेवायचा म्हणजे डोळे मिटायचे नाहीत, पोरांनो. डोकं चालवायचं."

लहानी या ख्रिस्ती लोकांतली नव्हती. दुःखात चार माणसांत बसलीस तर बरं वाटेल, म्हणून शेजारची सुंदरा तिला ओढून आणायची. गाणी तिला कळत नसत. आज मात्र गुरुजींचं बोलणं तिच्या मनात जाऊन बसलं.

तिचा नवरा धर्मा पाऊस सरता सरता तानसाच्या रस्त्यावर जिवानिशी गेला. गाडीनं उडवलं आणि गाडी पळाली. कुणाची गाडी ते कळलं नाही, असंच पोलिसांनी ठरवलं. पण लहानी त्या वेळी मोळी घेऊन उतार उतरत होती. तिला सगळं दिसलं होतं. गावच्या बैठकीत ती बोलायला उभी राहिली, तर दिवेलागणीची वेळ, बाई भेदरलेली, हिला काय दिसणार, म्हणून माणसांनी तिला खाली बसवलं. चौकीवरच्या शिपायानं दारातूनच परत धाडलं. घरातला पुरुष घेऊन ये, म्हणाला. त्यानंतर लहानी कुणाशी बोललीच नव्हती. आणि आज एक शिकलेला माणूस फळ्यापुढे उभा राहून, बाईनं पाहिलं म्हणूनच ते खरं, असं भर वर्गात सांगत होता.

पोरं पांगली. लहानी उठून पुढे आली.

"गुरुजी, माज्या धर्माला ज्यानं मारला, त्याला मी बघितला हाये."

गुरुजींनी तिला बसवलं, पाणी दिलं. मग एकेक गोष्ट विचारू लागले, अगदी सावकाश. उत्तर येत असूनही अडखळणाऱ्या पोराला विचारावं तसं. कुठे उभी होतीस? उजेड किती होता? गाडी पळाली, मग माणूस दिसला कसा?

"लगीच नाय पलाला. गाडी थांबवली, दार उघडून खाली बघितलान. त्याचं तोंड माज्याकडंच व्हतं. मंग गेला."

"ओळखलंस?"

"जीवन."

जीवन प्रार्थनेत ढोलकी वाजवायचा. या घराचे पत्रे त्याच्याच पिकअपमधून आले होते. आजही म्हाताऱ्या बायकांना गाडीत बसवून तोच घरी सोडायला गेला होता.

गुरुजींनी चष्मा काढला. "तू खोटं बोलत नाहीस, लहाने. मला पटलं."

लहानीला हुंदका आला. इतक्या दिवसांत हे तिला कुणी म्हटलं नव्हतं. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"मंग उद्या माज्यासंगं चौकीवर चला, गुरुजी. तुमी निस्ते बाजूला उभे ऱ्हावा. बोलायचं ते मी बोलीन."

गुरुजी चष्मा पुसत राहिले. "तिथे दुसरं कुणी होतं का गं? एखादा पुरुष?"

"व्हता की. रस्त्यावर पडलेला."

गुरुजींनी मान खाली घातली. "गावातले लोक आपल्यावर आधीच डूख धरून आहेत. हे प्रार्थनाघर बंद पाडायला त्यांना निमित्तच हवंय. जीवन वाईट पोरगा नाही. मी बोलतो त्याच्याशी. देवापुढे रडेल, पश्चात्ताप करील. पण चौकी, कोर्ट... तिथे एकट्या बाईचं कोण ऐकणार? तूच विचार कर."

लहानीनं विचार केला नाही. ती उठली आणि दाराकडे चालू लागली.

गुरुजी तिच्या मागोमाग उंबऱ्यापर्यंत आले. माणूस प्रेमळ होता. तिला असं रिकाम्या हातानं पाठवणं त्यांच्या जिवावर आलं होतं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"पुढच्या रविवारी नक्की ये," ते म्हणाले. "सगळ्यांसमोर उभी राहा आणि साक्ष दे. नवरा गेला, पण प्रभूनं तुला कसं सावरलं, तेवढंच सांग. लोक रडतील बघ. बाईची साक्ष लोकांना लगेच पटते."