कोडच्या पानाला वळसा

दोष सांगितला तर आपल्या पदरात काय पडेल, याचा हिशेब त्याने खुर्चीतून न उठताच उरकला. साहेबांची शाबासकी, पाठीवर थाप, कॅन्टीनमध्ये दिवसभर मिरवणं. नाही सांगितला, तर बायकोची ईमेल.

पारडं कुठे झुकलं हे वेगळं सांगायला नको.

कंपनीची ईमेल सेवा तपासून पास करणं हे त्याचं काम. नजरेतून काही निसटत नाही, म्हणून ऑफिसात त्याला सगळे ‘चाळणी’ म्हणत. सेवेचा बंदोबस्त तसा कडेकोट होता. पासवर्ड टाकला की फोनवर कोड येणार, तो भरला की मगच दार उघडणार. पण कोड मागणारं पान समोर असताना वरच्या पट्टीत इनबॉक्सचा पत्ता थेट टाइप केला, की कोड न भरताच आत जाता यायचं. कुलूप भक्कम होतं, शेजारची भिंत तेवढी बांधायची राहिली होती.

बायकोची ईमेलही याच सेवेवर होती, आणि तिचा पासवर्ड त्याला लग्नापासून ठाऊक होता. आणि हल्ली ती गुणगुणायची. काही कारण नसताना. चाळणीला एवढं पुरे झालं.

संध्याकाळी ती स्वयंपाकघरात गेली की तो लॅपटॉप उघडायचा. सुरुवातीला हाती लागली विजेची बिलं, मावशीचे फोटो आणि चपलांच्या जाहिराती. पण एक गोष्ट त्याने बरोबर हेरली. तिचा फोन या वेळेला हटकून टिंग करायचा.

"कोण गं?"

"काही नाही रे, असंच."

असंच! या ‘असंच’ला दोन पाय आणि बहुधा मिशाही आहेत, याबद्दल त्याची खात्री पटत चालली. तो रोज बघू लागला. फोन रोज वाजू लागला. ती मेसेज वाचायची, कपाळाला आठी घालायची आणि फोन पालथा ठेवायची.

मग तिच्या इनबॉक्समध्ये पत्रं येऊ लागली. पत्ता अनोळखी, खाली नाव नाही. ‘गुरुवारी, नेहमीच्या कॉफीच्या दुकानात. घरी कळू देऊ नकोस.’

जेवताना त्याने भाजीची वाटी दूर सारली.

"बरं नाही का तुला?" तिने विचारलं.

"मला काय धाड भरलीये?"

"मग भाजीवर कसला राग?"

गुरुवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो कॉफीच्या दुकानात शिरला. कोपऱ्यातल्या टेबलाशी ती पाठमोरी बसली होती. समोर, तिच्या फोनवर वाकलेले, त्याचेच साहेब.

संताप तर आलाच. पण आपलं बरोबर निघालं याचा जरासा आनंदही झाला, खोटं कशाला बोला?

"वा! चालू द्या," तो म्हणाला. "मी आपला सहज आलो."

ती दचकली. "साहेब, याला सांगू नका म्हटलं होतं ना मी!"

"मी नाही सांगितलं, वहिनी," साहेब म्हणाले. "बस, चाळणी. ओरडू नकोस. वहिनींची ईमेल कोणीतरी रोज वाचतंय. तुझ्या नजरेतून एवढं मोठं भोक सुटलं हे कळलं तर तुझा जीव तुटेल, नोकरीवरही गदा येईल, म्हणून बिचाऱ्या गुपचूप माझ्याकडे आल्या. चोराला चटक लागावी, त्याचा माग काढता यावा म्हणून मग मीच त्यांना खोटी पत्रं धाडली."

"पण हिला कळलं कसं?"

"हे बघ ना." तिने फोन पुढे केला. कोड. त्याखाली कोड. त्याखाली पुन्हा कोड. "मी मागितलेला यातला एकही नाही."

ऑफिसात चाचणीचे सगळे कोड एका जुन्या फोनवर जात, आणि तो आवाज बंद करून कपाटात पडलेला असे. कोडच्या पानाला वळसा घातला तरी कोड निघतोच, हे चाळणी साफ विसरला होता.

"कुठून शिरतात तेही आज सापडलं," साहेब कॉफी ढवळत म्हणाले. "वहिनी, दर वेळी तुमच्याच घरच्या इंटरनेटवरून."

ती हसली.

"काहीतरीच काय, साहेब! त्या वेळेला घरात आम्ही दोघंच तर असतो," ती म्हणाली, आणि बोलता बोलता सावकाश नवऱ्याकडे वळली.