खजुराचं खोड

लझहरच्या पत्राला तय्यिब मास्तरांनी चार वर्षांत उत्तर दिलं नव्हतं. पत्र साधं होतं. खजुराच्या बुंध्याशी फुटलेलं पिल्लू सोडवताना पहार घसरली आणि मोठ्या झाडाच्या खोडात वीतभर खोल खाच पडली. वडील म्हणाले, चिखल थापून बंद कर. लझहर म्हणाला, नको, झाड आपली जखम आपणच भरून काढतं, मास्तरांनी शिकवलंय. खाच भरली नाही. आत कुजत गेली. ‘वडील म्हणतात, माझ्या हाताला गुण नाही. एकाही झाडाला हात लावू देत नाहीत, स्वतःच चढतात. माझं कुठे चुकलं, एवढं दोन ओळींत कळवाल का?’

आज लझहरच्या गावाहून, नफ्त्याहून, येणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर खमैस दारात उभा होता. खजुराची तोडणी संपली की लझहर दरवर्षी त्याच्या हाती एक घोस पाठवायचा. चिठ्ठी कधी नसायची. मास्तरांच्या बायकोनं, मब्रूकानं, खमैसला चहा दिला. मास्तरांनी घोसाकडे न बघता विचारलं, यंदा झाडावर कोण चढलं?

“म्हातारा. दुसरं कोण? पंचाहत्तरी उलटली तरी माकडासारखा वर जातो. पोरगा आपला खाली, बायकांच्यात, खजूर झेलायची चादर धरून.”

आणि त्या खाच पडलेल्या झाडावर?

खमैसनं ग्लास खाली ठेवला. “त्याच्यावरही. यंदा तो वर असताना झाड हललं, उस्ताद. वारा नव्हता. लझहर चादर टाकून धावला आणि खोडाला मिठी मारून उभा राहिला. जसं काही ह्यानं धरल्यानं ते थांबणार होतं.”

आता पुन्हा चढायचं ते मार्चमध्ये, फळ धरावं म्हणून फुलोऱ्यावर नर-झाडाचा पराग बांधायला, असं सांगून तो गेला.

मब्रूका घोसातले खजूर तोडून ताटात ठेवत होती. मास्तर उठले. मग त्यांनी कपाटातून एक पातळ चकती काढून तिच्यासमोर ठेवली. पत्र आलं त्याच आठवड्यात त्यांनी पडलेल्या खजुराच्या खोडातून ती कापून आणली होती.

जर्दाळूच्या, ऑलिव्हच्या खोडात साल आणि लाकूड यांच्यामध्ये जिवंत पेशींचं एक कडं असतं, ते म्हणाले. त्या पेशी जन्मभर नव्या पेशी करत राहतात, म्हणून जखम भरते. या चकतीत ते कडं नव्हतं. होते ते सगळीकडे विखुरलेले ठिपके. एकेक ठिपका म्हणजे जलवाहिन्या-रसवाहिन्यांची एक जुडी. तुटली ती तुटली. उरलेल्यांवर झाड जगतं, फळही देतं, पण गेलेलं परत भरत नाही.

“मग वर्गात तसं का नाही सांगितलं?”

पुस्तकात चित्र ओकचं होतं. तेच त्यांनी फळ्यावर काढलं होतं. आणि लझहरनं हात वर करून विचारलं होतं, आपल्या खजुरातपण असंच असतं का, सर?

“तुम्हाला माहीत नव्हतं?”

“शंका होती.”

“मग?”

“चाळीस पोरं बघत होती. मी म्हणालो, सगळ्या झाडांत असतं.”

मब्रूकानं ताट बाजूला सारलं आणि टेबलावर कागद ठेवला.

मास्तरांनी तीन कागद फाडले. पहिल्यात पुस्तकाचा दोष होता, दुसऱ्यात वयाचा. तिसरा नुसताच लांब झाला होता. चौथ्यात पाच ओळी राहिल्या. मुलाच्या हाताचा दोष नाही. त्यानं विचारलं होतं, मी खोटं उत्तर दिलं. तुम्ही चिखल थापायला सांगत होतात, तेच बरोबर होतं. खाच आता भरणार नाही, खोड आतून पोकळ झालं असणार. त्या झाडावर कुणीही चढू नये.

मास्तर पाकीट घेऊन निघाले, तशी मब्रूकानं चादर अंगावर घेतली आणि तीही निघाली. याआधी दोनदा ते टपालपेटीपर्यंत जाऊन पत्र खिशात घालून परत आले होते. कोट झटकताना दोन्ही वेळा ते तिलाच सापडलं होतं.

“खमैसच्या हाती दिलं असतं तर संध्याकाळच्या आत पोचलं असतं,” ती वाटेत म्हणाली.

खमैसच्या हातचं पत्र आधी अख्खी गाडी वाचते, मास्तर म्हणाले. मग म्हणाले, वाचलं असतं तरी चाललं असतं खरं.

पेटीपाशी त्यांचा हात थबकला. मब्रूकानं पाकीट आपल्याकडे वळवून पत्ता वाचला.

“हे तर म्हाताऱ्याच्या नावावर आहे. बल्गासमला कुठे वाचता येतं?”

“नाही येत,” मास्तर म्हणाले. “लझहरला जवळ बसवून वाचून घ्यावं लागेल.”

आणि त्यांनी पाकीट आत सोडलं.