हिवाळ्याची मुभा

"चौऱ्याऐंशी!" डॉड मकीने बेरीज पुन्हा एकदा करून पाहिली, कार्डाखाली सोबत खेळलेला साक्षीदार म्हणून सही ठोकली आणि कार्ड टेबलावरून वॉल्टरकडे सरकवलं. "घे, तुझी सही कर. मोसमाची पहिलीच स्पर्धा आणि पहिला नंबर! हिवाळाभर खाल्लंस तरी काय रे?"

क्लबात एकच गलका झाला. वॉल्टर इम्री म्हणजे आमच्या गावच्या गोल्फमधला हक्काचा शेवटचा नंबर. बावीस वर्षांत शंभर फटक्यांच्या आत त्याने मैदान संपवलं असेल तर दोनदा.

"म्हातारपणी बाळसं धरलंय गड्यानं!" बारमागून नॅन ओरडली. कुणी पाठीत धपाटा घातला, कुणी बिअर आणून ठेवली. वॉल्टर कसनुसा हसला. पेन्सिल उचलली आणि तशीच धरून बसला.

खेळ सुधारला होता, त्यात काही खोटं नव्हतं. नोव्हेंबरपासून समुद्रावरच्या त्या मेल्या वाऱ्यात, बोटं बधिर होईपर्यंत तो एकटा फटके मारत आला होता. पण हिवाळ्यात आमच्या मैदानाचा नुसता राडा होतो, म्हणून चेंडू चिखलात रुतला तर उचलून शेजारच्या बऱ्या गवतावर ठेवायची मुभा असते. एक एप्रिलला ती बंद. आणि आज चौदाव्या होलवर वॉल्टर सवयीने वाकला, चेंडू उचलला, नीट ठेवला, मारला. दहा पावलं पुढे गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. तिथल्या तिथे बोलला असता तर दोन फटके दंड, विषय संपला. बोलला नाही. आणि दंड न धरता कार्डावर सही केली की खेळाडू थेट बाद. तेव्हापासून त्याला डॉडच्या डोळ्याला डोळा देववत नव्हता. आणि आता ते दोन फटके धरले, तर पहिला नंबर गेला.

मंडळी बारकडे वळली तसा तो हळूच म्हणाला, "डॉड, चौदाव्यावर मी चेंडू उचलला रे."

"पाहिलं मी."

"पाहिलंस? आणि तरी सही केलीस?"

डॉड चष्मा पुसत बसला.

"गेल्या वर्षी ह्याच चुकीपायी यूअनला बाद केलंस तू. पोटच्या पोराला! इथेच, सगळ्यांदेखत."

"केलं."

"मग मला का सोडलंस?" वॉल्टरचा आवाज चिरकला. शरमेने त्याच्या कानांच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या.

डॉडने चष्मा डोळ्यांवर चढवला. वॉल्टरच्या खांद्यावर हात ठेवला, अगदी मायेने.

"अरे, यूअनचं काय, तो पुढच्या शनिवारी पुन्हा जिंकेल."