डिकीतली माती

रुपालीने चपला पायरीखाली काढल्या, पण ती ओट्यावर बसली नाही. उभ्यानेच तिने बबनरावांना सांगून टाकलं, "काका, तुमची माती मेलेली नव्हती. चूक माझी झाली."

सुपारी कातरणारा बबनरावांचा हात थांबला. त्यांनी आधी घरात पाहिलं. आत त्यांची बायको, गवराबाई, चहा टाकत होती. मग त्यांनी रुपालीला हळू बोलायची खूण केली.

तिने हळू आवाजात सगळं सांगितलं. ती चिंचवडच्या एका कॉलेजात प्रबंधासाठी मातीतले बारीक किडे मोजायची. ऑक्टोबरात चाकणच्या आसपासच्या बारा वावरांतून तिने माती नेली होती. शेवटची पिशवी यांच्या विहिरीजवळच्या वावरातली. ती स्कूटरच्या डिकीत टाकली आणि कॉलेजात परतताना मोशीला एका मैत्रिणीच्या साखरपुड्याला थांबली. चार तास गाडी उन्हात उभी होती. नंतर नेहमीप्रमाणे माती चाळणीवर घालून तिने वर बल्ब लावला. माती वरून सुकत जाते तसे किडे ओलाव्याच्या मागे खाली सरकतात आणि बाटलीत पडतात. बाकीच्या पिशव्यांतून शेकड्यांनी पडले. या पिशवीतून एकही पडला नाही. तिने वहीत शून्य लिहिलं. बबनरावांनी फोन करून विचारलं, तेव्हा सहज बोलून गेली की तुमच्या मातीत जीवच उरला नाही.

डिसेंबरात तिच्या सरांना ते शून्य पटेना. माती पुन्हा आण म्हणाले. ती वावरात गेली तर भोवती पत्र्याचं कुंपण होतं आणि गोदामाचा पाया भरून झाला होता. जेसीबीने कडेला लोटलेल्या ढिगातून तिने डबाभर माती घेतली. दोन दिवसांत बाटलीत दोनशेवर किडे पडले. बहुतेक स्प्रिंगटेल, मोहरीहून बारीक, पोटाखाली दुमडलेल्या शेपटीच्या झटक्याने टुणकन उडणारे. तेव्हा तिला डिकी आठवली.

"पिशवी भाजली होती, काका. किडे माझ्या गाडीत मेले."

बबनरावांनी अडकित्ता खाली ठेवला. म्हणाले, "तुमच्या सांगन्यावरनं न्हाई दिली म्या जमीन. मला द्यायचीच हुती. पोरगं दोन वर्सं मागं लागलं हुतं. फक्त ही सही करीत न्हवती."

रुपालीचं फोनवरचं बोलणं त्यांनी त्याच दिवशी बायकोच्या कानावर घातलं होतं. कॉलेजच्या म्याडमनी मशीनवर तपासली, मेली म्हणत्यात. गवराबाई त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिने सही केली.

"तिला काय सांगू नका," बबनराव म्हणाले. "आता उपेग न्हाई."

रुपालीला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तरी तिने मान हलवली आणि ओट्याच्या कडेला बसली.

गवराबाई चहा घेऊन बाहेर आली. तिने रुपालीच्या घरची चौकशी केली, बारीक झालीस म्हणाली. मग उंबऱ्यावर टेकून, कधीपासून विचारायचं राहून गेलेलं विचारावं तसं विचारलं, "बाई, कशानं मेली असंल वो आमची माती?"

रुपालीने बबनरावांकडे पाहिलं. ते रस्त्यावरून जाणारा कंटेनर बघत होते.

"तणनाशकानं असेल," ती म्हणाली. "नक्की सांगता येत नाही, मावशी."

गवराबाईने सावकाश मान हलवली. "मंग माज्यामुळंच. ह्ये नगंच म्हनत हुते. खुरपायला बाया मिळंनात, समद्या कंपनीत जात्यात. म्हनून म्याच औषध मारायला लावलं. तीन वर्सं."

बबनरावांनी रस्त्यावरून नजर वळवली नाही. रुपालीच्या हातातल्या चहावर साय धरत होती.

"एवढी बगा की जरा," असं म्हणत गवराबाई उठली. अंगणाच्या कोपऱ्यात रंगाच्या रिकाम्या बादलीत कढीपत्ता लावलेला होता. ह्यात आपण काही म्हणजे काही टाकत नाही, गवतसुद्धा बोटांनी उपटते, ती सांगत होती. ही तरी जिवंत आहे का, एवढंच तिला कळायला हवं होतं.

रुपाली पटकन उठून तिच्यामागे गेली. निदान इथे खरं बोलता येणार होतं. बादलीशी बसून तिने बुंध्याजवळचं कुजकं पान उचललं. खाली पांढरे ठिपके क्षणभर थबकले आणि चहूकडे उडाले. एक गवराबाईच्या अंगठ्याच्या नखावर येऊन पडला, तिथूनही उडाला.

"जिवंत आहे, मावशी," रुपाली म्हणाली. "एवढे तर मला कुठेच सापडले नाहीत." किती दिवसांनी तिचा आवाज मोकळा झाला होता. "कुठून आणलीत ही माती?"

गवराबाई आपल्या नखाकडे बघत होती.

"आपल्याच वावरातली," ती म्हणाली. "जेसीबी येनार म्हनल्यावर आदल्या दिशी दोन घमेली आनून ठिवली. मेलेली का असंना, म्हनलं."

रुपालीने बोलायला तोंड उघडलं. गवराबाईने हात वर करून तिला थांबवलं, तिच्या बोटांतून ते कुजकं पान काढून घेतलं आणि होतं तसं मातीवर झाकून ठेवलं.