चहावरचं झाकण

"पुढच्या वर्षी आपलं शहर शून्य कचऱ्याचं होणार!" पडवीत बसल्या बसल्या महापालिकेच्या साहेबांनी योजनेचं गुळगुळीत पुस्तक सरपंच गजराबाईंपुढे धरलं. "फक्त उरलासुरला कचरा टाकायला तुमचं गायरान हवंय."

गजराबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शहराचा कचरा आधीच गावाच्या उशाशी डोंगर होऊन बसला होता. गेल्याच आठवड्यात थोरल्या लेकाच्या सोयरिकीला आलेले पाहुणे चहात माशी पडली म्हणून कप तसाच ठेवून उठले. "असल्या घाणीत पोरगी देत नाही," असं तोंडावर सांगून गेले.

"शहर शून्य, मग आमचं गाव?"

"ते हद्दीबाहेर येतं, बाई. योजनेत धरलेलं नाही."

ओठांवर आलेली शिवी गिळून बाईंनी आत हाक मारली, "साहेबांना चहा आण गं!"

चहा आला, त्याच्यामागोमाग माशा आल्या. साहेबांनी दोनदा हात झटकला, मग नकळत ते पुस्तकच कपावर झाकण म्हणून ठेवलं.

"असू द्या, उचलू नका!" बाई कडाडल्या. "तुमच्या योजनेचा आमच्या गावाला तेवढाच उपयोग."