गॅसच्या गाडीला औक्षण

"आये, काडी ओढू नको!"

राणीनं फोर्कलिफ्टवरून खाली उडी मारली. समोर तिची आई धोंडुबाई उभ्या होत्या, एका हातात औक्षणाचं ताट, दुसऱ्या हातात काडेपेटी. बेदाणा निवडणाऱ्या बायका गोदामाबाहेर अंगणात जमल्या होत्या. तासगाव रस्त्यावरच्या या गोदामात गॅसवरची फोर्कलिफ्ट पहिल्यांदाच आली होती आणि ती चालवायला बाईही पहिल्यांदाच बसणार होती.

"का? पोरगी गाडीवर बसतीया. दिवा नको व्हय?"

"प्रोपेन हाय त्यात. जवळ जाळ चालत न्हाई."

धोंडुबाईंनी गाडीच्या मागं वाकून पाहिलं. "आन ह्यो सिलिंडर आडवा का टाकलाय? आजारी हाय का काय?"

"घरच्या शेगडीला वरची वाफ लागती. हिला तळातला पातळ गॅस लागतोय. आडवाच बसतोय त्यो."

मॅनेजर वीरधवल दारातून म्हणाले, "राणी, नियम तुला पाठ आहेत. गाडीजवळ काडी पेटली तर किल्ली पप्पूकडे."

"ओढा की, मावशी," जुनी डिझेलची गाडी चालवणारा पप्पू म्हणाला. "बिनघोर ओढा."

बायका खिदळल्या. धोंडुबाई हसल्या नाहीत. "न ओवाळता बसणार आसशील तर मी चालले. तुझं तू बघ."

राणीनं हातातल्या किल्लीकडं पाहिलं, मग ताटाकडं. मग ती गाडीवर चढली आणि इंजिन सुरू केलं.

"पप्पू, सिलिंडरचा कॉक बंद कर."

नळीत उरलेला गॅस संपेपर्यंत इंजिन चाललं, दोन आचके देऊन थांबलं. राणीनं नळीचा जोड सोडला. दोघांनी सिलिंडर उचलला आणि अंगणाच्या पार टोकाला, जाळीच्या पिंजऱ्याकडं निघाले.

"आगं, त्याला कुठं न्हेताय?" धोंडुबाई ओरडल्या. "सगळा जोर तर त्याच्यातच हाय!"

सिलिंडर पिंजऱ्यात गेला, तेव्हा कुठं दिवा लागला. राणीला ओवाळून झालं, गाडीला कुंकू लागलं. धोंडुबाईंनी फुलानं दिवा शांत केला आणि तडक पिंजऱ्याकडं निघाल्या.

"आये!"

"इझवलाय गं. कळतंय मला." त्यांनी पिशवीतून मूठभर भंडारा काढला आणि सिलिंडरवर उधळला. "बिरोबाच्या नावानं चांगभलं!"

सिलिंडर पिवळा झाला. शेजारी उभा असलेला पप्पू त्याहून पिवळा झाला.

सिलिंडर परत गाडीवर बसला. राणीनं जोड आवळला, त्यावर साबणाचं पाणी सोडलं. एकही बुडबुडा आला नाही.

"बस आता," धोंडुबाई म्हणाल्या.

बायका आत आपापल्या जागी गेल्या. पहिल्या पेट्या घेऊन फोर्कलिफ्ट गोदामात शिरली आणि इंजिनाचा आवाज ऐकून सगळ्यांचे पदर एकदम नाकावर गेले, जुन्या डिझेलच्या गाडीच्या धुराला जायचे तसेच. पेट्या वर चढल्या. थप्पीवर अलगद टेकल्या.

थोरल्या हरणाबाईंनी पदर जरासा खाली घेतला. दोनदा नाक ओढलं.

"आगं बया," त्या म्हणाल्या, "हितं तर बेदाण्याचा वास येतोय!"

राणीनं वळून पाहिलं. कालपर्यंत ती ज्या रांगेत बसत होती, तिथले सगळे चेहरे उघडे होते. मधोमध तिची आई उभी होती, तोंडात बेदाणे भरून.